राधाबाईंच्या सीडीतली शिटी

१

राधाबाईंचं पहिलं गाणं सुरू झालं आणि पुढच्या रांगेतल्या पोट्ट्यांनी कानांवर हात ठेवले.

आधी वाटलं, मस्ती करून राहिले. मी डोळे वटारले. तर एक फ्रॉकवाली चिमुकली रडायलाच लागली आणि तिची आई तिला कडेवर घेऊन बाहेर गेली. मग कॉलेजची पोरं उठली, एकेक करून, तोंडं वाकडी करत. नेहरू नगरच्या त्या हॉलमध्ये आम्ही म्हातारे मात्र माना डोलवत होतो. "काय गळा आहे बाप्पा!" माझ्या शेजारचा म्हणाला. तिसऱ्या गाण्यापर्यंत हॉलमध्ये तरुण माणूस औषधालाही उरला नाही.

स्टेजवर राधाबाई बसल्या होत्या. वय शहात्तर, हिरवं लुगडं, हातात आपल्याच गाण्यांची नवी सीडी. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी भुलाबाईची पाच गाणी गायली होती. जुन्या टेपवरून ती साफसूफ करून आम्ही नव्यानं काढली, त्याचाच तो कार्यक्रम होता. त्या उठल्या आणि माईकपाशी आल्या.

"बंद करा जी," म्हणाल्या. "लेकराईले सोसून नाही राहिला माहा आवाज. कायले जबरदस्ती करता?"

आणि नातीचा, हर्षाचा, हात धरून उतरून गेल्या. सीडी खुर्चीवरच राहिली.

लाज वाटली, राजेहो. पण त्या दिवशी वाटली ती दुसऱ्या कोणाची तरी लाज होती. कोणीतरी त्या बाईचा घात केला आणि तो मी शोधून काढतो, असा माझा ताव होता. माझी स्वतःची लाज पुढे आहे. ती टाळून गोष्ट सांगता आली असती तर मी टाळली असती.

२

मी मारोतराव. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे शेतकरी. मी चौतीस वर्षं इथे भिलाईच्या रेल मिलमध्ये रूळ तपासले. मिलमध्ये काही तुटलं, कोणाचं बोट गेलं, की इन्क्वायरी कमिटीवर माझं नाव ठरलेलं. मारोतराव खोटं बरोबर पकडतात, असं साहेब म्हणायचे.

माझं दुसरं नाव होतं ते तिखट कानांचं. दुर्ग लाइनवरचे रिटायर्ड गार्ड कृष्णराव यांच्या घरी आमचं रविवारचं श्रवण मंडळ भरतं, बावीस वर्षं झाली. काम एकच. एकाच अल्बमच्या निरनिराळ्या आवृत्त्या पाठोपाठ ऐकायच्या: जुनी तबकडी, मग कॅसेट, मग सीडी, मग तीच परत घासूनपुसून काढलेली नवी सीडी. कुठे तबला पुढे आला, कुठे गाणाऱ्याचा श्वासच पुसून टाकला, कुठे इतकं घासलं की गाण्याचा रंगच उडाला, यावर भांडायचं. कव्हरं झाकलेली असतात. एक 'अ', एक 'ब'. फरक ऐकू आला की हात वर करायचा. ज्यानं ती आवृत्ती तयार केली त्यानं तोंड उघडायचं नाही. आणि मी बोलल्याशिवाय दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. हा शेवटचा नियम कधी झाला ते आठवत नाही, पण मला तो फार आवडायचा. माझी खुर्चीही ठरलेली होती, काचेच्या कपाटासमोरची. इतक्या वर्षांत पहिला हात कायम माझाच.

राधाबाईंच्या सीडीचा निवाडाही तिथंच झाला होता. आवाजाचं काम करणाऱ्या गौरवनं दोन आवृत्त्या करून आणल्या. मी 'अ' म्हटलं, बाकीच्यांनी माना हलवल्या, आणि 'अ'च्या तीनशे सीड्या छापून आल्या.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी कृष्णराव हर्षाला घेऊन माझ्याकडे आले. हर्षा नेहरू नगरच्याच एका दवाखान्यात कान तपासायचं काम करते. डोळे रडून सुजलेले होते, पण बोलणं मुद्द्याचं.

"काका, त्या सीडीत शिटी आहे. एकदम बारीक, टोचणारी. पहिल्या गाण्यापासून चौथ्यापर्यंत आहे, पाचव्यात नाही. मी घरी लावून पाहिली. तुमी ऐकली ना?"

"हो," मी म्हटलं. "ऐकली ना."

"हो हो," कृष्णरावही म्हणाले.

आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता हो म्हणालो. का, ते शेवटी सांगतो.

"आजीले दहा वेळा सांगितलं मी, की शिटी होती म्हणून पोट्टे उठले. ती मानायलाच तयार नाही. म्हणते, माही समजूत नको काढू." हर्षाचा आवाज बसला. "काल संध्याकाळी पोरी भुलाबाईची गाणी म्हणायले आल्या तर दार नाही उघडलं तिनं. भुलाबाईले उचलून कपाटात ठेवून देलं."

माझी बायको मनकर्णा चहा घेऊन येत होती, ती दारातच थबकली. नंदिनी नगरला राधाबाईंच्या अंगणात दर वर्षी महिनाभर मातीची भुलाबाई बसते. गल्लीतल्या पोरी रोज दिवेलागणीला जमतात, राधाबाई सांगतात आणि पोरी म्हणतात. कोजागिरीला शेवटची गाणी, मग बोळवण. कोजागिरी अजून आठ दिवसांवर होती आणि भुलाबाई कपाटात.

"असं कोणी करते का बाई!" मनकर्णा म्हणाली.

"ती गाणंच सोडून देणार आहे," हर्षा म्हणाली. "ज्यानं हे केलं त्यानं तिच्यापुढे येऊन आपल्या तोंडानं सांगितलं, तरच ती मानेल."

"तुमीच शोधा, मारोतराव," कृष्णराव म्हणाले.

"कान धरून उभा करतो त्याले," मी म्हटलं.

३

पहिला संशय सुखरामवर. हॉलमध्ये भोंगे आणि स्पीकरचे डबे त्याचे होते. जामुलच्या रस्त्याला त्याचं दुकान आहे. मी गेलो तो वरच्या पट्टीतच.

"मशीन खराब थी तो बोलना था न! बुढ़िया की इज्जत चली गई!"

सुखराम भांडला नाही. त्यानं दोन डबे दुकानाबाहेर मांडले आणि लग्नातलं एक गाणं लावलं. गल्लीतली लेकरं धावत आली आणि डब्यांसमोरच नाचायला लागली. मग त्यानं आमची सीडी टाकली. राधाबाईंचा पहिला सूर निघाला आणि लेकरं कान दाबून पळाली.

"मोर मशीन बने हे साहेब," आपली मशीन चांगली आहे, असं तो शांतपणे छत्तीसगडीत म्हणाला. "तुंहर सीडी मा कुछु हे."

मी डब्याला कान लावून उभा होतो. मला राधाबाई ऐकू येत होत्या, टाळ ऐकू येत होते. बाकी काही नाही. सुखराम माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"साहेब ला नइ सुनावत हे का?"

"चूप बे!" मी ओरडलो. "तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी."

माणूस निर्दोष होता आणि मी त्याला भर रस्त्यात ओरडून आलो. परत येताना स्कूटरवर स्वतःलाच समजावत होतो की उन्हानं डोकं तापलं असेल.

४

दुसरा संशय धनंजयवर, आणि हा मला मनापासून आवडणारा होता. धनंजयचे कोचिंग क्लास आहेत. दहा वर्षांपूर्वी त्यानंच राधाबाईंची पहिली सीडी काढली होती, झिजलेल्या कॅसेटवरून. मंडळात ती ऐकून मी म्हटलं होतं, "गंजात तोंड घालून गायल्यासारखं वाटते." सगळे हसले. धनंजय त्यानंतर वर्षभर मंडळात आला नाही. नवी सीडी बिघडली तर त्याचीच जुनी खरी ठरणार होती. यापेक्षा चांगलं कारण कमिटीलाही मिळालं नसतं.

क्लास सुटेपर्यंत मी बाहेर बसलो. मग सरळ विचारलं, "शिटी कोणी टाकली?"

"मारोतराव, मले ती शिटी आयकूच नाही आली तर टाकू कसा?" तो हसला. "माह्या क्लासच्या पोरांनी सांगितलं तेव्हा समजलं. बासष्ट संपलं माहं. कान गेले आता. मी मंडळात हात वर करणंच सोडून देलं, पाहिलं नाही तुमी? तुमचं बरं आहे. तुमाले मिलनं पैलवानाचे कान देले."

वर त्यानं सांगितलं की नव्या सीडीला त्याचा हातच लागलेला नाही. छापखान्यातून सीलबंद खोकं आलं, ते कृष्णरावांच्या घरी उघडलं आणि तिथून थेट हॉलमध्ये गेलं. हे सगळं मला माहीत होतं. मीच तर खोकं उघडलं होतं.

कान गेले, असं त्यानं किती सोपेपणी सांगितलं. जसं कोणी म्हणावं, चष्मा लागला. मी त्या बाकावर बसून आपल्या चपलांकडे बघत होतो.

५

राहिला गौरव. कृष्णराव म्हणाले, "पोरगा सरळ आहे हो." मी म्हटलं, "कमिटीवर असे सरळ लय पाहिले मी." हर्षाला सोबत घेतलं आणि त्याच्याकडे गेलो. जामुलला सिमेंटच्या कारखान्यापासून लांबच्या एका गल्लीत त्याची खोली आहे. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधे कॉम्प्युटर.

"अबे, त्या म्हातारीनं तुहं काय वाईट केलं होतं?" मी दारातूनच सुरू केलं.

गौरव तीस-बत्तीसचा असेल. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं हर्षाला हेडफोन दिले.

"ये 'अ'," तो म्हणाला. हर्षानं कपाळाला आठ्या घातल्या. "और ये 'ब'." आठ्या गेल्या.

"'ब'मध्ये शिटी नाही, काका," ती म्हणाली. "बाकी सगळं तेच. आजीचा श्वास पण आहे."

"मले जुन्या टेपच्या स्पूलवरून उतरवलेली जी फाइल देली होती, ती जशीच्या तशी म्हणजे 'अ'," गौरव म्हणाला. "शिटी त्याच्यातच होती. मी ती काढली, तर 'ब' झाली. मंडळाची पद्धत आहे ना, एक बिनहाताळलेली आणि एक साफ केलेली समोर ठेवायची. मैंने सोचा, कोई भी 'ब' ही चुनेगा. 'अ' तर कानात सुई घातल्यासारखी होती."

"मंग तोंड शिवलं होतं का तुहं?"

"नियम आहे ना, बनवणाऱ्यानं बोलायचं नाही." तो खाली बघत होता. "तुमी 'अ' म्हटलं. मी नंतर बोलाले गेलो तर तुमी सगळ्यांसमोर म्हणले, मशीनवाल्या पोट्ट्याईले कान नसतात. सब हँसे थे, काका. तरी मी कृष्णरावकाकाले सांगितलं. ते म्हणले, मारोतरावनं ऐकलं आहे ना, मंग तेच बरोबर असन."

म्हणजे कृष्णरावांनाही ती शिटी ऐकू आली नव्हती. आणि माझ्या कानांवर त्यांचा विश्वास होता.

"म्हणजे स्पूलमध्येच दोष आहे," मी म्हटलं.

"स्पूल कोणाजवळ आहे?" हर्षानं विचारलं.

"माह्याजवळ."

६

स्पूल माझ्याजवळ असणं साहजिकच होतं. नंदिनी नगरच्या क्लबात राधाबाईंचं ते गाणं मीच माझ्या मशीनवर घेतलं होतं, आणि स्पूल वाजवणारी चालू मशीन आता भिलाईत माझ्याच घरी आहे. म्हणून कॉम्प्युटरमध्येही मीच उतरवून दिलं. मिलच्या सवयीप्रमाणे त्याची लॉगबुकात नोंद केली होती, गाणं आणि वेळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षा आणि गौरव माझ्याकडे आले. सोबत कृष्णरावांची नऊ वर्षांची नात टीना. दसऱ्याच्या सुट्ट्या होत्या. हर्षाच म्हणाली, "हिचे कान एकदम नवे आहेत."

स्पूल लावलं. राधाबाई गायला लागल्या. टीना खुर्चीवर पाय हलवत, लाडू खात बसली होती.

"शिटी?" हर्षानं विचारलं.

"नहीं आ रही."

गौरवनंही मान हलवली. पूर्ण गाणं झालं, दुसरं सुरू झालं. काही नाही. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

"पाहा!" मी उभाच राहिलो. "माहं स्पूल साफ आहे! मंग शिटी या पोट्ट्यानंच टाकली!"

गौरवनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मी नंतर फार दिवस तोंड देऊ शकलो नाही.

तेवढ्यात मनकर्णा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "एक वाजला. माही सिरीयल लागते," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या जी. मी त्या दिवशीसारखा आवाज बंद ठेवतो, नुसतं पाहतो."

आमचा टीव्ही जुना, मोठ्या ढुंगणाचा, पिक्चर ट्यूबवाला. मुलगा मोनू भिंतीवरचा नवा घेऊन देतो म्हणून थकला, पण ती सोडत नाही. तिनं बटण दाबलं. पडदा उजळला. आवाज शून्य.

टीनाच्या हातातला लाडू खाली पडला. तिनं दोन्ही हात कानांवर दाबले.

"आ गई!" ती ओरडली. "शिटी आली!"

७

हर्षानं टीव्ही बंद केला. टीनानं हात काढले. चालू केला, हात कानांवर. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा मला फक्त बटणाची टकटक ऐकू आली.

"जुन्या पिक्चर ट्यूबमधून अशी शिटी निघते, काका," गौरव हळूच म्हणाला. "आवाज बंद केला तरी निघते. पन्नाशीनंतर बहुतेकांना ती ऐकू येत नाही." मग तो वाकून माझ्या मशीनची वायर शोधत गेला. प्लगचा बोर्ड पलीकडे होता, म्हणून वायर टीव्हीच्या अगदी पाठीला चिकटून गेली होती. "ये देखो. इथून आत शिरली."

"पण मंग पाचव्या गाण्यात कावून नाही?" मी विचारलं. सवयीनं. कमिटीवर असंच विचारायचं असतं.

हर्षानं माझं लॉगबुक उघडलं आणि माझ्याच अक्षरातलं वाचलं. "एक वाजून दोन मिनिटं, पहिलं गाणं सुरू. दीड वाजता चौथं संपलं. मनकर्णा ऐकायला आली. एक बत्तीस, पाचवं सुरू." तिनं वही मिटली. "काकू, तुमची सिरीयल किती वाजता संपते?"

"दीड वाजता," मनकर्णा म्हणाली. तिचा चेहरा पडला. "टीव्ही बंद केला अन् याईच्याजवळ येऊन बसली मी, शेवटचं गाणं आयकाले. म्हणजे माह्यामुळं झालं हे? मी तर आवाज बंद केला होता वं माय, याईले तरास नको म्हणून. राधाबाईले मी काय तोंड दाखवू?"

ती पदरात तोंड घालून रडायला लागली. आणि राजेहो, आता ऐका. त्या क्षणी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की चला, सुटलो. दोष टीव्हीचा निघाला, बायकोचा निघाला. राधाबाईंपुढे मनकर्णा उभी राहील, चार अश्रू गाळील, आणि माझे कान शाबूत राहतील. हे मला वाटलं. एकेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईबद्दल वाटलं.

"काकू, रडू नका," हर्षा म्हणाली. "टीव्हीची शिटी चुकून आली. ती तर गौरवनं काढली पण होती." मग ती माझ्याकडे वळली. "काका, 'ब' समोर असताना तुमी 'अ' कावून निवडली?"

मी खाली वाकून मशीनची वायर गुंडाळायला लागलो.

"मी रोज कान तपासते, काका. ज्याले ऐकू नाही येत तो आवाजाकडे नाही पाहत, लोकांच्या तोंडाकडे पाहते. कार्यक्रमात मी तुमाले पाहत होती. पोट्ट्यांनी कान झाकले तेव्हा तुमी डब्याकडे नाही, पोट्ट्याईकडे पाहिलं. कृष्णरावकाकाच्या घरी तुमची खुर्ची काचेच्या कपाटासमोरच कावून असते?"

८

मिलमध्ये दर वर्षी मेडिकल व्हायचं. कान तपासायला एका बंद खोलीत बसवत, कानाला हेडफोन, आणि आवाज आला की बोट वर करायचं. चाळिशीपासूनच मला बारीक आवाज येईनासे झाले. रुळांचा तो खणखणाट रोज आठ तास, दुसरं काय होणार? कान गेले असं कागदावर आलं तर इन्स्पेक्शनमधून काढून कुठेतरी स्टोअरमध्ये बसवतील, अशी आम्हा सगळ्यांना धास्ती. खोलीला काच होती. काचेतून तपासणाऱ्याचं कोपर दिसायचं, त्यानं बटण दाबलं की ते हलायचं. कोपर हललं की बोट वर. आमच्यातले अर्धे लोक असेच पास व्हायचे आणि बाहेर येऊन हसायचे.

रिटायर झालो, पण ते कोपर सुटलं नाही. कृष्णरावांच्या कपाटाच्या काचेत मागे बसलेल्यांचे चेहरे दिसतात. आवृत्ती बदलली की कोणाची भुवई हलते, कोणी मान तिरपी करतं. ते दिसलं की माझा हात वर. दहा-बारा वर्षं मी कानांनी नाही, काचेत बघून निवाडे दिले.

त्या रविवारी 'अ' वाजली, 'ब' वाजली. माझ्यासाठी दोन्ही एकच. मागे सगळे म्हातारे, कोणाचाच चेहरा हलला नाही. फक्त गौरव. 'ब' लागली तसा तो काचेत हसताना दिसला. मी ओळखलं, पोराला 'ब' हवी आहे. आणि मी 'अ' म्हटलं. कालचं पोर मला शिकवणार नाही, एवढंच त्यात होतं. राधाबाईंच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका रेकॉर्डिंगचा निवाडा मी एका पोराची जिरवायला केला.

हे सगळं मी त्या दुपारी तिघांसमोर सांगितलं. टीना दुसरा लाडू खात होती, तिनंही ऐकलं. मनकर्णानं पदर डोळ्यांवरून काढला आणि माझ्याकडे बघत राहिली. "म्हून तुमी मी हाक मारली की ओ नाही देत," ती म्हणाली. "मले वाटे, तुमी रागात आहा. इतकी वर्षं."

गौरवचे मी पाय धरायला गेलो. तो मागे सरकला. "मत करो, काका," म्हणाला. "मले नाही, आजीले सांगा."

९

कोजागिरीच्या दिवशी दिवेलागणीला आम्ही नंदिनी नगरला राधाबाईंच्या अंगणात उभे होतो. टीनाला घेऊन कृष्णराव, धनंजय, गौरव, मनकर्णा, डबा घेऊन सुखराम आणि त्याचा हेल्पर. सुखरामची मी आदल्या दिवशी दुकानात जाऊन माफी मागितली होती. तो एवढंच म्हणाला होता, "डब्बा मैं ले आहूं." गल्लीतली लेकरं हर्षानं बोलावून आणली होती. दार बंद होतं. हर्षा आत गेली आणि बऱ्याच वेळानं राधाबाईंना घेऊन आली. त्या उंबऱ्यातच बसल्या, कोणाकडे न बघता.

हर्षानं आधी 'अ' लावली. लेकरांचे हात कानांवर गेले. राधाबाईंनी डोळे मिटून घेतले. मग 'ब' लागली. तेच गाणं, तोच गळा. लेकरांनी हात काढले, आणि एक पोरगी सोबत म्हणायलाच लागली. राधाबाईंनी डोळे उघडले.

"कोणाकोणाले फरक आयकू आला?" हर्षानं विचारलं. "हात वर."

सगळ्या लेकरांचे हात वर गेले. गौरवचा, सुखरामच्या हेल्परचा, हर्षाचा. कृष्णराव माझ्याकडे बघत होते. बावीस वर्षांची सवय. माझं मनगट आपोआप उचललं गेलं. मी दुसऱ्या हातानं ते दाबून धरलं.

"मले नाही आला," मी म्हटलं. "मले त्या दिवशीही नाही आला, बाई. शिटी माह्या घरून आली. या पोरानं ती काढून देली होती, मी ऐकू न येता शिटीवाली निवडली. तुमच्या गळ्यात काही दोष नाही. दोष माहा आहे. मी खोटा हात वर करत आलो."

मग कृष्णरावांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मलेही नाही आयकू आली, राधाबाई. मीही हो म्हटलं होतं."

राधाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"आठ दिवस मले वाटत होतं," त्या म्हणाल्या, "का माहा आवाज लेकराईले टोचते. या वयात असं वाटणं काय असते, माहीत आहे का तुमाले?" मग त्यांनी विचारलं, "अन् इतक्या वर्षांत अजून कोणाकोणाचं गाणं बाद केलं तुमी, न आयकता?"

मी धनंजयकडे बघू शकलो नाही. नावं आठवत होती. एकेक नाव, एकेक सीडी, एकेक टोमणा. सगळे हसले होते त्या प्रत्येक वेळी.

"लय लोकांचं, बाई," मी म्हटलं.

त्या उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, झालं, दार लागणार. कपाटाची कडी वाजली असावी, कारण लेकरं एकदम गलका करून उठली. राधाबाई भुलाबाईला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आल्या. मातीच्या त्या मूर्तीवर आठ दिवसांची धूळ होती, ती त्यांनी पदरानं पुसली आणि तिला पाटावर बसवलं.

"माहा आवाज तरी येते का आयकू?" त्यांनी मला विचारलं.

"येते. पण किती येते अन् किती सुटते, ते मले नाही सांगता येत."

"मंग लांब कायले उभे आहा? इथी पुढे येऊन बसा, लेकराईत."

मी टीनाच्या शेजारी मांडी घालून बसलो. राधाबाईंनी पहिली ओळ धरली. एकाही लेकरानं कान झाकले नाहीत, असं मनकर्णानं मला नंतर सांगितलं. मी पाहिलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले होते आणि जेवढं येत होतं तेवढंच ऐकत होतो.